कुटुंब आणू नये

गडचिरोली जिल्हा झाला तो ब्याऐंशी सालच्या ऑगस्टात. जिल्हा करायला सरकारला एक कागद आणि एक सही पुरते. त्यात बसायला मात्र माणसं लागतात, आणि खुशीनं यायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा सातारा, सांगली, रत्नागिरी अशा लांबच्या जिल्ह्यांतून ज्यांचं साहेबाशी वाकडं होतं, किंवा ज्यांचा मंत्रालयात कोणी मामा नव्हता, असे कारकून हुडकून इकडं धाडण्यात आले. कोरेगावचे वामनराव साबळे यांचं साहेबाशी वाकडंही होतं आणि त्यांना मामाही नव्हता. त्यामुळे ते पहिल्याच खेपेला आले.

येताना त्यांनी एक पेटी आणली, एक वळकटी आणली आणि बायको कमळा व पाच वर्षांची शैला यांना कोरेगावात ठेवलं. तीन वर्षं काढायची आणि घर गाठायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. बढती मिळो न मिळो, मानमरातब चुलीत जावो, पण तीन वर्षांवर एक दिवस जादा होता कामा नये. दिवाळीला आठ दिवस आणि उन्हाळ्यात आठ दिवस ते घरी जाऊन येत आणि पोरीची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मांडून ठेवत.

आता ज्याचा एक पाय सदा गाडीत, त्यानं नव्या येणाऱ्यांना इथं राहावं कसं हे शिकवावं, म्हणजे अजबच. पण झालं तसंच. एस्टीतून उतरलेला नवा कारकून दोन-दोन दिवस स्टँडवरच्या बाकड्यावर काढतोय, हे वामनरावांना बघवेना. माणूस मुळात मायाळू. त्यांनी चार जण जमवले, चहा पाजला आणि ‘नवागत सल्लागार मंडळ’ काढलं. अध्यक्ष स्वतः वामनराव, सचिव कुडाळचे परब. काम सगळं विनामोबदला. परब तेवढे म्हणाले, “साबळे, गोपनीय अहवालात ‘समाजकार्याची आवड’ अशी एक ओळ पडली ना, तर बदलीला फार बरं असतं.” वामनरावांनी नको नको म्हटलं, पण ते वाक्य त्यांच्या मनातून गेलं नाही.

दर सोमवारी दुपारी नागपूरची गाडी येई. छातीला कापडी फूल लावून मंडळ स्टँडवर हजर असे. नवा माणूस उतरला की त्याला आधी पाणी, मग चहा, मग पत्रक. पत्रकात अकरा कलमं होती. पाणी तीनदा उकळावं. संध्याकाळी सहानंतर दार उघडू नये. स्थानिक फळं खाऊ नयेत. कलम चार असं होतं की रानात एकट्यानं जाऊ नये, आणि पुढं कंसात, दोघांनीही जाऊ नये. भिंतीला खिळा ठोकू नये, हेही एक कलम होतं. कारण खिळा ठोकला म्हणजे माणूस रमला, आणि रमलेल्या माणसाची बदली होत नाही, अशी मंडळाची पक्की समजूत होती. त्यामुळे मंडळातल्या सगळ्यांचे सदरे खिडकीच्या गजांना लटकत आणि पावसाळ्यात ओलेच अंगावर चढत.

रानाचं आणि दाराचं कलम वाघाच्या भीतीचं, पण वाघ मंडळातल्या एकानंही पाहिला नव्हता. परबांना एकदा तिन्हीसांजेला कुंपणाशी दोन डोळे चमकताना दिसले होते. ते वामनरावांच्या घरमालकिणीच्या शेळीचे निघाले, पण तोवर पत्रक सायक्लोस्टाइल होऊन आलं होतं आणि दोनशे प्रती फुकट कोण घालवणार? गावातल्या लोकांना वाटे, साताऱ्याकडच्या माणसांना काही व्रत असावं, दिवेलागणीला दार लावून बसतात बिचारे.

पत्रकातलं सगळ्यात मोठं कलम होतं सातवं. ‘कुटुंब आणू नये.’ त्याच्याखाली रेघ होती.

या कलमालाही इतिहास होता. सांगलीचे घाटगे नावाचे एक कारकून पहिल्याच वर्षी आपली बायको घेऊन आले. बायकोबरोबर शिलाई मशीन आलं, पोरगा आला, दाराशी तुळस आली. पुढच्याच उन्हाळ्यात बदल्यांची यादी लागली आणि त्यात घाटग्यांचं आधी टंकलेलं नाव लाल शाईनं खोडलेलं निघालं. घाटग्यांना आणखी आत, आलापल्लीला धाडलं. मंडळानं त्या लाल रेघेकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. कुटुंब आणलं, बदली गेली! घाटग्यांना जाऊन कोणी काही विचारलं नाही, कारण आलापल्लीला जायचं म्हणजे रान लागणार आणि कलम चार आड येणार.

वामनरावांनी कमळेला हे असं लिहिलं नाही. बायकोला खरं कारण सांगितलं की ती त्यावर विचार करते, आणि तिनं विचार केला की आपली पंचाईत होते, हा त्यांचा अनुभव होता. त्यांनी लिहिलं, ‘इथं कुटुंब आणायला सरकारची परवानगी नाही. शिवाय दाराशी वाघ येतात.’ कमळेनं उलट टपाली विचारलं, ‘मग तिथल्या लोकांच्या बायका कुठं राहतात?’ त्या पत्राला वामनरावांनी पोरीच्या अभ्यासाबद्दल चौकशी करणारं उत्तर पाठवलं.

ते राहत होते केसरबाईंच्या घरी, मागच्या दोन खोल्यांत. केसरबाईंचा नवरा जंगल खात्यात वनरक्षक होता, तो वारला. मुलगा धानोऱ्याला मास्तर. बाई एकट्या, दोन शेळ्या पाळून, धानाच्या शेताचा तुकडा बटईनं, म्हणजे वाट्यानं, देऊन राहत. जीभ मोकळी आणि नजर तिखट. वामनराव कोळशाच्या शेगडीवर तिसऱ्यांदा पाणी उकळत बसलेले दिसले की त्या अंगणातून विचारत, “काऊन जी भाऊ, पान्याचं काय बिघडलं? मी चाळीस वर्सं हेच पानी पिऊन राह्यली.”

“तुम्ही इथल्या आहात केसरबाई. आम्ही बाहेरचे.”

“मी कुठची इथची? मी आरमोरीची हाव. लगन होऊन इथी आली, तवा या घराले दार बी नोयतं. मले कोनं कागद नाई देला जी.” आणि पुढं म्हणत, “त्या चामोर्शीकडं बंगाली लोकं आले, किती लांबून आले. त्याईनं तळ्यात मच्छी सोडली, भाजी लावली, आता बजारात त्याईचेच भटे येते. त्याईले कोनं सल्ला देला होता?”

भटे म्हणजे वांगी, एवढं वामनरावांना कळे; बाकी ते हसून सोडून देत. केसरबाईंना राज्यव्यवहारातलं काय कळणार! त्यांनी बाईंचे दोन-तीन सल्ले पत्रकात घालावेत असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. मंडळाचा घटनात्मक नियमच होता की सल्लागार बाहेरचा हवा, म्हणजे त्याला नवागताचं दुःख कळतं.

मंडळाचं नाव मात्र वाढत गेलं. चौऱ्याऐंशी, पंच्याऐंशी, माणसं येत गेली, पाणी पीत गेली, पत्रक घेत गेली. स्वतःचं बिऱ्हाड मांडायचं कसं याबद्दल पत्रकात एक ओळ नव्हती, पण बदलीचा अर्ज कुठल्या नमुन्यात लिहावा तो नमुना मागच्या बाजूला छापलेला होता. शहाऐंशीच्या मार्चात निवृत्ती पिसाळ नावाचा एक पोरसवदा कारकून आला. तो कोरेगावशेजारच्याच गावचा निघाला. लग्न होऊन दोन महिने झालेले. वामनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सातवं कलम समजावलं. पिसाळाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“तीन वर्षं, साबळेसाहेब?”

“मी काढली की नाही? बघता बघता जातात.”

हे खोटं होतं. एक वर्ष जायला एक वर्षच लागतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण सल्ला द्यायला बसलेल्या माणसाला खरं बोलून कसं चालेल? पिसाळानं पत्रकाची घडी खिशात घातली आणि मे महिन्यात रजेवर जाताना तीच घडी घेऊन गेला, बायकोला पुरावा दाखवायला.

त्याच मे महिन्यात वामनरावांची तीन वर्षं भरून वर सहा महिने झाले होते. त्यांचा अर्ज वर गेलेला होता. साहेबांनी बोलावलं तेव्हा त्यांनी नवा सदरा घातला, तो गजावरचा असल्यामुळे त्याला खांद्याशी गंजाचा डाग पडला होता. साहेब नवे होते, उमदे होते, आणि उमद्या माणसाच्या हातून जितकं नुकसान होतं तितकं खत्रुडाच्या हातून कधीच होत नाही.

“साबळे, बसा. तुमच्याबद्दल मी स्वतः वर लिहिलंय.”

“आपली मेहेरबानी साहेब.”

“वाचूनच दाखवतो. ‘नव्याने येणाऱ्या कर्मचाऱ्यांना येथे स्थिरस्थावर करण्याच्या कामी श्री. साबळे यांचा वाटा अमोल आहे. त्यांना येथून हलविल्यास कार्याची हानी होईल. सबब लोकहितार्थ त्यांना आणखी तीन वर्षे याच ठिकाणी ठेवावे.’” साहेबांनी कागद खाली ठेवला. “मंजूर होऊन आलंय. अभिनंदन.”

वामनरावांना वाटलं, साहेब चेष्टा करताहेत.

“साहेब, माझा बदलीचा अर्ज होता.”

“होता ना. मला वाटलं रीत म्हणून केलात. सगळेच करतात. पण इतकं रमलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.”

“मी रमलो नाही साहेब! मी खिळासुद्धा ठोकला नाही. मी कुटुंब आणलं नाही!”

“का नाही आणलंत?” साहेबांना खरंच नवल वाटलं. “कोणी अडवलं?”

वामनरावांनी घाटग्यांची हकीकत सांगितली. कुटुंब आलं, नाव खोडलं गेलं, लाल शाई, आलापल्ली. साहेबांनी घाटग्यांची फाईल मागवली आणि एक कागद वामनरावांपुढं सरकवला. घाटग्यांचं अक्षर होतं. आपलं नाव यादीतून काढावं, मुलाचा दमा इथल्या हवेत बरा झाला आहे, पत्नीलाही इथं करमतं, आणि जमल्यास आलापल्लीला जागा द्यावी, सागाच्या रानाशेजारी राहायची हौस आहे, अशी विनंती त्या माणसानं स्वतःच्या हातानं लिहिली होती. खाली सही होती, तारीख होती.

तो कागद वामनरावांनी तीनदा वाचला. तीन वर्षं त्यांनी सदरे गजाला टांगले, आजारपणात स्वतःची पेज स्वतः केली, पोरीच्या गोवराला ते नव्हते, शाळेच्या पहिल्या दिवशी नव्हते, आणि हे सगळं कशासाठी, तर एका सुखी माणसाच्या नावावरची लाल रेघ त्यांनी शिक्षा म्हणून वाचली होती. शिवाय त्यांनी ती एकट्यानं वाचली नव्हती. शे-दीडशे माणसांना वाचायला लावली होती. वामनरावांना स्वतःची इतकी लाज वाटली की साहेबांच्या अभिनंदनाला त्यांनी ‘आभारी आहे’ असं उत्तर दिलं आणि ते बाहेर आले.

घरी पत्र लिहायला बसले. ‘सौ. कमळा हिस आशीर्वाद’ एवढं जमलं. पुढची ओळ जमेना. चार दिवस चार कागद फाडले. सोमवार आला तसे मुकाट्यानं छातीला कापडी फूल लावून स्टँडवर गेले. मंडळाला त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. पत्रक चूक आहे, हे अध्यक्षानं सचिवाला कुठल्या तोंडानं सांगावं?

गाडी दीड तास उशिरा आली. आधी दोन तलाठी उतरले, वामनराव त्यांना पाणी द्यायला पुढच्या दाराशी गेले. मागच्या दारानं एक बाई उतरली. तिच्यामागं एक मुलगी, मग ट्रंक, मग गोधड्यांचं बोचकं, आणि सगळ्यात शेवटी कंडक्टरनं शिव्या देत खाली ठेवलेला एक पाटा आणि वरवंटा. परबांनी ते सामान पाहिलं. पाटा-वरवंटा घेऊन आलेली बाई म्हणजे घाटग्याच्या वरताण प्रकरण. ते लगबगीनं पत्रक घेऊन धावले.

“बाई, स्वागत आहे. आम्ही मंडळातर्फे. आधी हे सातवं कलम वाचा. तुमच्या यजमानांना कोणी सांगितलं नाही का? इथं कुटुंब आणायचं नसतं.”

“मीच त्ये कुटुंब,” बाई म्हणाली. “अध्यक्ष कुठायत?”

वामनरावांच्या हातातला पाण्याचा तांब्या तलाठ्याच्या पायावर पडला.

कमळेनं कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. घडीघडीनं मऊ झालेला, पिसाळाच्या खिशातून कोरेगावला पोचलेला. तिनं तो नवऱ्यापुढं धरला. “आवं, ह्यावर सही कुनाची हाय?”

“माझी.”

“मला लिवलं व्हतं, सरकार परवानगी देत न्हाई. सरकारची सही दावा मला ह्यावर.”

स्टँडवरची माणसं गोळा व्हायला लागली होती. परबांनी पत्रकांचा गठ्ठा पाठीमागं लपवला. वामनरावांना वाटलं, काहीतरी सांगावं, वाघाचं सांगावं, निदान पाण्याचं सांगावं. पण बायकोच्या चेहऱ्यावर दोन दिवसांच्या प्रवासाची धूळ होती आणि पोरगी तिच्या पदराआडून त्यांच्याकडं पाहत होती, तेव्हा त्यांच्या तोंडून खरंच निघून गेलं. “बदली झाली नाही कमळा. आणखी तीन वर्षं. कुटुंब आणल्यानं काही होत नव्हतं. माझी चूक झाली.”

कमळेनं पदर तोंडाला लावला, आणि मग डोळे पुसून ट्रंकेवर बसली.

“बरं. मग द्या सल्ला. मी नवीन आलीया. पानी कुठनं भरायचं?”

पाणी केसरबाई भरून ठेवीत, वामनराव फक्त उकळत.

“दूध कोन घालतं? धान कांडायची गिरन कुठं हाय? पोरीला चौथीत घालायची, साळा कुठली?”

वामनरावांनी परबांकडं पाहिलं. परबांनी सवयीनं पत्रक उलटंसुलटं केलं. अकरा कलमांत यातलं काही नव्हतं. दोन्ही तलाठी आशेनं ऐकत उभे होते, त्यांनाही हेच विचारायचं होतं.

केसरबाई स्टँडच्या कडेला टोपलीभर टेंभरं घेऊन विकायला बसल्या होत्या. पिवळी, गोड, तेंदूच्या झाडाची ती फळं मंडळानं तिसऱ्या कलमात टाकली होती. त्यांनी टोपली बाजूला सारली आणि उठून आल्या.

“साळा माह्या घराच्या मांगंच हाय बाई. सत्यशीला बाई हेडमास्तरीन हाय, लय चांगली हाय, मी सांगतो तिले. पानी पाटलाच्या विहिरीचं. दूध मी देतो. तू साबळेभाऊची हाय नं? तीन वर्सं झाले, या मानसानं मले सांगतलं नाई का घरी लेकरू हाय म्हनून. मले वाटे, रंडका हाय बिचारा, बायको मेली असन.”

आणि त्यांनी पाटा उचलून डोक्यावर घेतला. कमळेनं ट्रंकेची एक कडी धरली. दोघी बोलत बोलत पुढं निघाल्या, दोघींची बोली एकमेकींना निम्मीच कळत होती, पण त्यानं कोणाचं अडत नव्हतं. तलाठी पत्रकं परबांच्या हातात परत देऊन त्यांच्यामागं चालायला लागले. वामनरावांच्या वाट्याला ट्रंकेची दुसरी कडी आणि वरवंटा आला. शाळेची घंटा ते रोज ऐकत होते. ती कोणती शाळा, हे त्यांनी साडेतीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

दिवस मावळेपर्यंत कमळेनं दोन्ही खोल्या झाडून सारवल्या. चूल पेटली. केसरबाईंनी वाटीभर तांदळाची कणी आणि अंबाडीची भाजी आणून दिली आणि त्या आत स्वयंपाकाशी बोलत बसल्या. दार सताड उघडं होतं, बाहेर अजून उजेड होता.

शैला अंगणात टेंभरं खात बसली होती. वामनराव तिच्याशेजारी जाऊन बसले. पोर साडेआठ वर्षांची झाली होती, दोन दात पडून नवे आले होते, आणि तिच्याशी बोलायला सुरुवात कशी करावी ते बापाला कळेना. बी थुंकून तिनंच विचारलं.

“बाबा, तुमची गाडी कधी हाय?”

“कसली गाडी?”

“परत जायची. तुम्ही आठच दिवस असता ना. तर मी आठ दिवस खेळाया जात न्हाई. मग जाईन.”

वामनरावांनी तिच्यापुढचं एक टेंभर उचलून तोंडात टाकलं.

“या खेपेला गाडी नाही,” ते म्हणाले. “मी इथंच राहतो. तुम्हीही इथंच.”

“म्हंजी रोज?”

“रोज.”

पोरीनं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. मग हात फ्रॉकला पुसले आणि हे खरं आहे का, ते विचारायला ती आत आईकडं गेली.